अपंगत्वासोबत वाढताना स्वतःला स्वीकारायचं म्हणजे काय? उत्तर वरोऱ्याच्या आनंदवनात सापडतं

असलं एखादं रील तुम्हीही पाहिलं असेल. एक हात नसलेला मुलगा पायाने लिहितोय, मागे रडकं म्युझिक, आणि वर मोठ्या अक्षरात ‘याला बघा आणि स्वतःचं रडगाणं बंद करा.’ लाखभर लाइक्स. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. आपणही एक इमोजी टाकतो आणि पुढचं रील बघतो.

आता कल्पना करा, त्या मुलासारखंच अपंगत्व असलेलं एक पोट्टं गडचिरोलीतल्या एखाद्या गावात बसून हेच रील बघतंय. त्याला यातून काय कळतं? एक तर आपल्याकडे बघून लोकांना त्यांचं आयुष्य बरं वाटतं. आणि दुसरं, काहीतरी अचाट करून दाखवलं तरच लोक आपल्याला माणसात धरतात.

मग ज्याला काही अचाट करायचं नाही, फक्त शाळा शिकायची आहे, मित्रांसोबत नदीवर जायचं आहे, पुढं नोकरी आणि लग्न करायचं आहे, त्याने स्वतःकडे कसं बघायचं? ‘स्वतःला स्वीकार’ असं सांगणं सोपं आहे. पण ते नेमकं होतं कसं? याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळ सत्तर वर्षांहून जास्त काळ याच प्रश्नावर काम चालू आहे.

आधी आकडे बघू

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख लोक अपंग आहेत. म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यातले साधारण ६९ टक्के खेड्यात राहतात. एकट्या महाराष्ट्रात हा आकडा २९ लाख ६३ हजारांच्या आसपास होता.

पण हे जुने आकडे आहेत आणि तेव्हा अपंगत्वाची व्याख्याही लहान होती. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे फक्त ७ प्रकार होते. २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला आणि प्रकार २१ झाले.

या यादीतल्या दोन गोष्टींचा चंद्रपूर-गडचिरोलीशी जवळचा संबंध आहे. पहिली, कुष्ठरोगातून बरे झालेले लोक. ते १९९५ च्या कायद्यातही होते. दुसरी, सिकलसेल. हा आजार २०१६ च्या कायद्याने यादीत आला.

विदर्भातल्या आदिवासी आणि काही दलित समाजांमध्ये सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात आणि असह्य दुखतं. काहींच्या खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नाही, हाड झिजतं आणि तरुण वयातच लंगडत चालावं लागतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र ‘पोरगं कामचुकार आहे’ एवढंच दिसतं.

मुलाला आपण ‘वेगळे’ आहोत हे कधी कळतं?

जन्मापासून एक पाय बारीक असलेल्या मुलाला तो पाय बारीक वाटत नाही. तो त्याचा पाय असतो, बस्स. वेगळेपणा त्याला इतरांकडून कळतो.

सुरुवात बहुतेक वेळा नावापासून होते. गावात एकाच नावाचे चार जण असतात, त्यामुळे ओळखीसाठी ‘तो लंगडा’, ‘तो थोटा’, ‘ती मुकी’ असं चिकटतं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट असतंच असं नाही. पण मुलाचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपटावर उरतं.

मग घरातलं बोलणं. ‘मागच्या जन्मीचं काही असेल’, ‘आईनेच ग्रहणात काही केलं असेल’. नवस होतात, पुजाऱ्याकडे नेलं जातं. आईवडिलांची माया खरी असते, भीतीही खरी असते. पण मुलाच्या मनात एक गोष्ट पक्की बसते, की माझ्यात काहीतरी चूक आहे आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय माझं आयुष्य सुरू होणार नाही.

त्यानंतर शाळा. सहलीला ‘तुला त्रास होईल’, पीटीच्या तासाला ‘तू बस’, गॅदरिंगला ‘तू पडद्याची दोरी धर’. प्रत्येक वेळी कारण काळजीचंच असतं. वयात आल्यावर हेच मूल फोटोत मागच्या रांगेत उभं राहायला लागतं. हात ओढणीखाली जातो, पाय बाकाखाली जातो.

मानसशास्त्र याबद्दल काय सांगतं?

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ तमारा डेम्बो, ग्लोरिया लेव्हिटन आणि बिअट्रिस राइट यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर यावर बरंच काम केलं. पुढं १९६० मध्ये बिअट्रिस राइट यांचं शारीरिक अपंगत्वाच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक आलं. त्यात स्वीकाराला त्यांनी मूल्यांमधला बदल म्हटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर चार गोष्टी बदलाव्या लागतात.

एक, जे नाही त्यापलीकडे आयुष्यात आणखी बरंच काही मोलाचं आहे हे दिसायला लागणं.

दोन, शरीर कसं दिसतं याला मिळणारं पहिलं स्थान कमी होणं.

तीन, अपंगत्व जिथं आहे तिथंच ठेवणं. पाय अधू असेल तर अडचण चालण्यात आहे. ती हुशारीत, स्वभावात किंवा लग्नाच्या लायकीत पसरू द्यायची नाही.

चार, तुलना सोडून उपयोगाकडे बघणं. कुबडी घेतली म्हणजे मी इतरांपेक्षा हळू चालतो, ही झाली तुलना. कुबडी घेतली की मी बाजारात जाऊ शकतो, हा झाला उपयोग.

लक्षात घ्या, ‘मला माझं अपंगत्व आवडतं’ असं म्हणायची सक्ती यात कुठंच नाही. दुखत असेल तर दुखतंच. राग आला तर येऊ द्यावा. स्वीकार म्हणजे दुःख संपलं असंही नाही.

आणखी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. १९९९ मध्ये गॅरी अल्ब्रेख्त आणि पॅट्रिक डेव्हलिगर यांनी गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांशी बोलून त्यांच्या जगण्याबद्दल विचारलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. बाहेरच्यांना जे आयुष्य बघवत नाही, ते जगणाऱ्याला तसं वाटतंच असं नाही.

मग हे आनंदवनात कसं घडलं?

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, वरोऱ्यात वकिली करायचे. एका पावसाळी रात्री त्यांना रस्त्याकडेला शेवटच्या अवस्थेतला कुष्ठरुग्ण दिसला. त्याचं नाव तुळशीराम. बाबा घाबरले आणि तिथून निघून गेले. निर्भय म्हणून ओळखला जाणारा माणूस एका आजारी माणसाला घाबरला, ही गोष्ट त्यांना खात राहिली. ते परत आले, त्याची सेवा केली. पुढं कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचारांचं शिक्षण घेतलं.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपांनी भरलेल्या ५० एकर जमिनीवर आनंदवन सुरू झालं. बाबा, साधनाताई, त्यांची दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये, एवढं भांडवल होतं.

इथं एक गोष्ट समजून घेऊ. कुष्ठरोगाने बोटं ‘झडतात’ असं आपण ऐकतो, पण ते तसं नसतं. हा जंतूंमुळे होणारा आजार आहे. तो नसांवर हल्ला करतो, बधिरपणा येतो, चटका किंवा जखम कळत नाही. जखमा चिघळत जातात आणि हाताची-पायाची बोटं हळूहळू आखूड होतात. आज बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो, औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि उपचार सुरू झाले की त्याचा प्रसार थांबतो. पण उशीर झाला तर अपंगत्व मागे उरतं. म्हणून अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर लपवू नका, दाखवून घ्या.

तर या सहा जणांनी काय केलं? विहीर खोदली. शेत केलं. भाजी पिकवली. भाजी बाजारात नेली, तर वरोऱ्यातल्या लोकांनी ती घ्यायला नकार दिला.

१९५० च्या दशकात परदेशातून तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले. त्यांनी रुग्णांसोबत राहून इमारती बांधल्या, त्यांच्यासोबत जेवले. ते बघून गावकऱ्यांची भीती हळूहळू कमी झाली आणि तीच भाजी, तेच दूध वरोऱ्यात विकलं जाऊ लागलं.

त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १९६० च्या दशकात आनंदवनाने वरोऱ्याच्या मुलांसाठी कॉलेज सुरू केलं. ते उभारायला कुष्ठरोगातून बरे झालेल्या लोकांचे हात लागले होते. ज्या गावाने त्यांची भाजी नाकारली, त्याच गावाची पोरं त्यांनी उभारलेल्या वर्गात शिकायला बसली. घेणारे देणारे झाले. वर सांगितलेला चौथा बदल, तुलनेतून उपयोगाकडे जाणं, तो हाच.

नंतर आनंदवनात अंध मुलांची शाळा आली, मूकबधिर मुलांची शाळा आली. अपंग तरुणांना हाताला काम शिकवणारं ‘संधीनिकेतन’ आलं. नावच बघा, ‘आश्रय’ नाही, ‘सेवा’ नाही, संधी. विणकाम, सुतारकाम, शिवण, छपाई असे विभाग चालतात आणि ते चालवणारे बरेचसे लोक स्वतः अपंग आहेत. डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्वरानंदवन’ हा ऑर्केस्ट्रा तर महाराष्ट्रभर फिरला. त्यात अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग असलेले आणि कुष्ठमुक्त कलाकार एकाच मंचावर असतात. लोक तिकीट काढून बघतात, टाळ्या गाण्याला आणि नाचाला पडतात.

आणि स्वतः बाबा? मणक्याच्या दुखण्यामुळे आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांना बसता येत नव्हतं. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. १९८५ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रा त्यांनी अशीच, गाडीत आडवं पडून केली.

पण सगळ्यांनी आनंदवनात जायचं का?

नाही. आणि हा प्रश्न विचारायलाच हवा.

आनंदवन ही वेगळी वसाहत झाली, कारण बाहेर जागा नव्हती. कुष्ठरुग्णांना वेगळं ठेवण्याची परवानगी देणारा १८९८ चा इंग्रजांचा कायदा आपण २०१६ मध्ये रद्द केला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागता येण्याची तरतूद तर २०१९ मध्ये निघाली. कायद्यालाच इतका उशीर झाला, तिथं गावाला दोष काय द्यायचा!

पण २०१६ चा कायदा सांगतो की अपंग व्यक्तीला समाजातच राहायचा हक्क आहे. म्हणजे एटापल्लीच्या मुलीला तिच्या गावातच शाळा, रॅम्प, संडास आणि मैत्रिणी मिळायला हव्यात. आनंदवनाने काय शक्य आहे ते दाखवलं. ते प्रत्येक गावात करणं हे आनंदवनाचं काम नाही, ते आपलं आणि सरकारचं आहे.

इथंच ‘सोशल मॉडेल’ नावाची कल्पना कामाला येते. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी ती मांडली आणि पुढं मायकेल ऑलिव्हर या अभ्यासकाने तिला हे नाव दिलं. ती म्हणते, पाय चालत नाही हा शरीराचा भाग झाला. पण ऑफिसला फक्त जिनाच आहे म्हणून आत जाता येत नाही, हे अपंगत्व इमारतीने तयार केलं.

गडचिरोलीत हे जास्तच खरं आहे. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. भामरागडहून जिल्हा रुग्णालय जवळपास १८० किलोमीटर. तिथं व्हीलचेअर फुकट मिळाली तरी ती चिखलाच्या पायवाटेवर चालवायची कशी? अशा वेळी त्या मुलाला ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणणं म्हणजे रस्त्याचं काम त्याच्या मनावर ढकलणं आहे.

एकटीने जमतं का? नसीमादीदींची गोष्ट

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना १६ व्या वर्षी कमरेखाली लुळेपणा आला. तोपर्यंत त्या धावणाऱ्या, नाचणाऱ्या मुलगी होत्या. मन इतकं खचलं की जगणं नको वाटलं. मग त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः व्हीलचेअरवर होते, व्यवसाय सांभाळत होते आणि स्वतःसाठी बदल करून घेतलेली गाडी चालवत होते.

इथं कुणी भाषण दिलं नाही. आपल्यासारखाच एक माणूस साधं, कामाचं, धावपळीचं आयुष्य जगताना दिसला. नसीमादीदींनी पुढं शिक्षण पूर्ण केलं, नोकरी केली, १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ संस्था उभी केली आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र लिहिलं.

आनंदवन आणि कोल्हापूर, दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. स्वीकार एकट्याने आरशासमोर उभं राहून होत नाही. त्यासाठी आपल्यासारखं कुणीतरी दिसावं लागतं, हाताला काम लागतं आणि आपली कुणाला तरी गरज आहे हे कळावं लागतं.

मग त्या रीलचं काय?

ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार आणि कॉमेडियन स्टेला यंग स्वतः व्हीलचेअर वापरायच्या. अपंग माणसाला फक्त इतरांच्या प्रेरणेचं साधन बनवणं ही वस्तूसारखी वागणूक आहे, असं त्यांनी २०१४ च्या त्यांच्या गाजलेल्या टेड टॉकमध्ये ठणकावून सांगितलं.

याचा अर्थ कौतुक करायचंच नाही असा नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं, पण ते खेळाचं. दात घासले, डबा खाल्ला, कॉलेजला गेला, याचं कौतुक म्हणजे ‘तुझ्याकडून एवढीही अपेक्षा नव्हती’ असं सांगणं आहे.

सुप्रीम कोर्टानेही जुलै २०२४ मध्ये चित्रपट आणि दृश्य माध्यमांना सांगितलं की अपंग व्यक्तींना ना थट्टेचा विषय करा, ना सुपरहिरो.

हे हक्क माहीत असू द्या

- यूडीआयडी कार्ड: स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.
- शिक्षण: अशा मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव.
- परीक्षा: दहावी-बारावीला पात्र विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक.
- नोकरी: सरकारी नोकऱ्यांमध्ये ४ टक्के आरक्षण.
- प्रवास: एसटीच्या साध्या बसमध्ये ७५ टक्के सवलत.
- गाव: ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून हिशोब विचारा.
- अपमान: चारचौघांत अपंग व्यक्तीला जाणूनबुजून अपमानित करणं कायद्याच्या कलम ९२ नुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड.
- मन खचलं तर: टेली-मानस, १४४१६. मोफत, मराठीत, कोणत्याही वेळी.

घरच्यांनी आणि मित्रांनी काय करायचं?

नावाने हाक मारा. ‘अपंग’ म्हणायचं की ‘दिव्यांग’, यावर त्यांच्यातच वेगवेगळी मतं आहेत, म्हणून समोरच्यालाच विचारा. मदत करायच्या आधी ‘करू का?’ विचारा, आणि ‘नको’ म्हटलं तर राग मानू नका. घरातलं काम द्या, चुकलं तर इतर भावंडांइतकंच रागवा. सहलीला नेऊ नका म्हणण्याआधी न्यायचं कसं याचा विचार करा. आणि फोटो काढताना त्याला पुढच्या रांगेत घ्या.

तुम्ही स्वतः अपंगत्वासोबत वाढत असाल, तर एवढंच. आज स्वतःबद्दल वाईट वाटलं म्हणून तुम्ही हरलात असं होत नाही. स्वीकार एकदाच होऊन संपत नाही. शाळा बदलली, प्रेमात पडलात, पहिली मुलाखत दिली, की तो पुन्हा नव्याने करावा लागतो. तोवर आपल्यासारखे दोन-चार जण शोधून ठेवा. वरोऱ्याच्या त्या माळरानावरही सुरुवात सहा जणांनीच केली होती.